मयत सभासदाची जमीन व शेअर्स : वारस, नॉमिनी आणि मृत्युपत्र



ऊस लावताना आपण बेणे पारखून घेतो, पाण्याची पाळी ठरवतो. पण आपल्या मागे जमीन, शेअर्स, ठेवी आणि कर्ज यांचे काय व्हायचे, हे मात्र ‘पोरं बघतील’ म्हणून सोडून देतो. पोरं बघतात, नाही असे नाही; पण पुष्कळदा कोर्टात जाऊन बघतात. तोवर फडात ऊस उभा, आणि बिल कोणाच्या नावे काढायचे याचा घोळ! म्हणून या विषयाची थोडी उजळणी करू.

१) नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासद मयत झाल्यावर त्याचे शेअर्स नॉमिनीच्या नावे वर्ग होतात. नॉमिनी नसेल तर समितीला जो वारस वा कायदेशीर प्रतिनिधी दिसेल त्याच्या नावे होतात. पश्चिम बंगालमधील एका सहकारी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की, संस्थेने नामनिर्देशनाप्रमाणेच नाव लावले पाहिजे. मात्र इतर वारसांना आपला हक्क न्यायालयात मागण्याची वाट खुली आहे. म्हणजे नॉमिनीमुळे संस्थेचे काम सोपे होते, घरातली वाटणी होत नाही. नॉमिनी केला म्हणून मृत्युपत्राची गरज संपली, असे समजू नये.

दुसरी चूक जुन्या नॉमिनीची. लग्नाआधी भावाचे नाव दिलेले असते. पुढे बायको-मुले झाली तरी अर्ज तसाच पडून. कधी नॉमिनीच आधी वारलेला असतो. बँकेच्या ठेवीलाही तेच लागू. ठेवीला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी देता येतात.

२) वारस कोण?

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे वाटणी होते. समजा, एका सभासदाने स्वतःच्या कमाईने पाच एकर जमीन घेतली. मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. पाचही जण पहिल्या वर्गातले वारस. प्रत्येकाला एक एकर. ‘मुलगी दिल्या घरी गेली’ किंवा ‘आई आता म्हातारी’ हे कायदा मानत नाही.

वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. तोंडी वाटणी झाली होती एवढे सांगून भागत नाही. तिला भक्कम सरकारी कागदाचा आधार लागतो.

३) हक्कसोडीच्या सह्या

दिवसकार्याला बहिणी आलेल्या असतात, तेवढ्यात सह्या उरकून घ्यायच्या, ही रीत वाईट. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा अधिकार; पण कशावर सही करते आहे हे तिला वाचून दाखवावे. जमिनीतला हक्क नोंदणीकृत हक्कसोड पत्रानेच सोडला जातो. साध्या कागदावरची संमती पुढे वादाचे मूळ होते.

४) सातबारा

वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावी, असे जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४९ सांगते. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागलेले असेल तर विशेष सावध राहावे. तो वारल्यावर फक्त त्याच्याच मुलांची नावे चढतात आणि धाकटे भाऊ आपल्याच रानात परके होतात. सर्वजण हयात आहेत, बोलाचाल आहे, तोवरच ही नोंद दुरुस्त करून घ्यावी.

५) मृत्युपत्र

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण नोंदणी केलेली बरी. सही किंवा अंगठा पाहिजे, आणि तो पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांनी तुमच्यासमोर सह्या केल्या पाहिजेत. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार वयाने लहान असावेत. गट नंबर, क्षेत्र, शेअर्सचा दाखला नंबर, ठेवी, विहीर-मोटारीचा हिस्सा स्पष्ट लिहावा. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. पूर्ण गट एका मुलाला लिहून दिला तरी इतरांचा हक्क जात नाही. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते आणि शेवटचे तेच खरे, म्हणून तारीख विसरू नये.

६) कर्ज

कर्ज सरणावर जळत नाही. मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेत वारसांना ते फेडावे लागते, आणि जामीनदारही सुटत नाही. सोसायटीचे पीक कर्ज, बँकेचा बोजा, कोणाला जामीन राहिलात, याची यादी घरात ठेवा.

सचिव व लेखनिक बंधूंना विनंती

फॉर्म भरताना न विचारता ‘थोरला मुलगा’ असे लिहू नका. सभासदाला वाचून दाखवा, पोच द्या. ‘सही करा, बाकी आम्ही बघतो’ या एका वाक्याने कित्येक घरांत दोन चुली झाल्या आहेत.

एवढे करा : (अ) शेअर्स, सोसायटी आणि बँक, तिन्ही ठिकाणचा नॉमिनी तपासा. (आ) चालू सातबारा व आठ-अ काढून नावे वाचा. (इ) मिळकत व कर्जाची एकच यादी करा. (ई) जाणत्या वकिलाला दाखवून मृत्युपत्र करा. (उ) कागद कुठे ठेवलेत ते मालकिणीला सांगून ठेवा.

गळीत हंगामाची धांदल सुरू होण्यापूर्वी एक दिवस यासाठी काढा. मागे ठेवलेली जमीन मुलांना जोडणारी ठरावी, तोडणारी नव्हे.