चिमे, व्यासाचं सोड, खाचेचं बघ

तुझ्या त्या टेबलावरच्या मिलिंग मशीनने पुन्हा दात पाडून घेतले म्हणे. नवल नाही गं. आतले गिअर प्लास्टिकचे, कटर जॉबमध्ये अडकला की पहिला बळी त्यांचाच. बेल्टवर घ्यायचं ठरवलंस ते बरं केलंस. अडल्या वेळी बेल्ट घसरतो, मोडत काही नाही. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची दुपारची झोपही वाचेल.

आता तीन पायऱ्यांची पुली तू स्वतः करणार. मला तुझा स्वभाव ठाऊक आहे, व्हर्निअर घेऊन व्यासाच्या मागे लागशील. ७५ मिमीचं ७५.४ झालं म्हणून तोंड पाडशील. नको. त्याने स्पिंडलचे फेरे मिनिटाला चार-पाच इकडेतिकडे होतील, कटरला पत्ताही लागणार नाही.

हट्ट धरायचाच तर भोकाचा धर. भोक आणि खाचा एकाच पकडीत झाल्या पाहिजेत. जास्तीची लांबी चकमध्ये धर, फेसिंग, ड्रिल, बोअरिंग, बाहेरचा व्यास, तिन्ही खाचा, सगळं उरकूनच चक उघड. मध्ये उलटवलंस की संपलं. तीन जबड्यांचा चक दुसऱ्यांदा तोच मध्य देत नाही. मग पुली लंगडत फिरते, बेल्ट दर फेऱ्याला ताणतो-सैलावतो, आणि ती थरथर तुझ्या फिनिशवर उमटते. अर्धा एचपीची १४४० फेऱ्यांची मोटर साधारण १४ मिमी शाफ्टची येते. तरी शाफ्ट मोजूनच बोअर कर. पुली हाताच्या दाबाने सरकत बसली पाहिजे, हातोड्याने नाही.

आता खाच. बेल्टच्या बाजू ४० अंशांच्या असतात, म्हणून तू खाचही ४०ची करशील. इथेच सगळे फसतात. बेल्ट पुलीवर वाकला की त्याची आतली बाजू दबून फुगते आणि बाजूंमधला कोन कमी होतो. म्हणून तुझ्या ए सेक्शनच्या व्ही-बेल्टला ११८ मिमी व्यासापर्यंत खाच ३४ अंशांची, त्याहून मोठ्या पुलीला ३८ची. मोठ्या पुलीवर बेल्ट कमी वाकतो ना. म्हणजे तुझ्या ७५ आणि १००च्या पायऱ्यांना कंपाउंड स्लाइड दोन्हीकडे १७ अंश, आणि १२५च्या पायरीला १९. हे १७ अंश क्रॉस स्लाइडच्या दिशेपासून मोजायचे. काही लेथवर कंपाउंडचं शून्य बेडच्या दिशेला असतं, तिथे नुसता आकडा बघून फिरवलंस तर खाचेऐवजी उतरण होईल.

आधी पार्टिंग टूलने सरळ बारा मिमी खोल जा, तळ पाच-सव्वापाच मिमी रुंद ठेव, मग बाजू उतरव. टूल कमीत कमी बाहेर काढ आणि फेरे कमी ठेव, नाहीतर किंचाळायला लागेल. शेवटी बेल्टचा तुकडा बसवून बघ. पाठ काठाला लागून किंवा किंचित वर, आणि तळाशी उजेड दिसला पाहिजे. बेल्ट तळाला टेकला तर तो बाजूंनी पकडणारच नाही. दाराखाली ठोकलेल्या पाचरीसारखं त्याचं काम असतं.

धातूचं म्हणशील तर घरी ॲल्युमिनियमच बरं. बीड मला आवडतं, पण त्याची काळी धूळ बाल्कनीतल्या धुतलेल्या कपड्यांवर बसली की आई मशीनसकट तुला बाहेर काढेल. ॲल्युमिनियम टूलला चिकटतं, ब्रशने थोडं डिझेल लावत जा.

दोन्ही पुल्यांच्या पायऱ्यांची बेरीज सारखी ठेव: ७५ समोर १२५, १०० समोर १००. खाचेत बसलेल्या बेल्टच्या हिशेबाने ते व्यास धर, म्हणजे बाहेरचा काठ पाचसहा मिमीने मोठा. फेरे ८६४, १४४० आणि २४०० मिळतील. दोन्ही शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर ३०० मिमी असेल तर दोन जोड्यांत बेल्टच्या लांबीचा फरक जेमतेम दोन मिमी पडतो, तो मोटरच्या लांबट भोकांत खपतो. म्हणून बेल्ट आधी आण, मोटरच्या पट्टीला भोकं नंतर पाड. ए-३५ म्हणजे आतून ३५ इंच, एवढं दुकानात बोललीस की पुरे. ताण फार देऊ नकोस. अंगठ्याने दाबून मध्ये चार-पाच मिमी दबला की ठीक. सरळ मोजपट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडाला लावून रेषा जुळव.

की-वेसाठी जीव काढू नकोस, स्लॉटिंगवाल्याकडे टाक. ओढणी काढून ठेव, केस बांध, आणि लेथजवळ हातमोजे अजिबात नकोत. गार्डही आधी कर, पुली फिरताना बघायची हौस जाळीतून भागव. पहिली पुली चकवर चढवलीस की फोन कर, उघडायच्या आधी.