काळ्या मातीवर हिरवी चटई

अंगणात कृत्रिम हिरवळ टाकायचं खूळ आता हिंगोलीतही आलंय. आधी बॉक्स क्रिकेटची टर्फं आली, मग नव्या वसाहतींत गेटपासून ओसरीपर्यंत हिरव्या गुंडाळ्या उलगडू लागल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातही एक उलगडली. त्या पावसाळ्यात जे भोगलं त्यावरून सांगतो, हिरवळीचा भाव विचारण्याआधी पाण्याची वाट विचारा.

ठेकेदार समुद्रकाठच्या बंगल्यांची कामं करून आलेला. बोलका, काम उरकणारा. त्यानं अंगणात हातभर खड्डा घेतला, बादलीभर पाणी ओतलं आणि ते बघता बघता गडप झालं. "बघा काका, निचरा एक नंबर. खाली चुरी दाबू, वर टर्फ." अलिबागच्या वाळूत ही परीक्षा चालते. रत्नागिरीकडे जांभा, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी उघडीप मिळाली की अंगण पायाला कोरडं लागतं. आमच्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पाऊस नाही, पण माती काळी.

या मातीतला माँटमोरिलोनाइट नावाचा चिकण अंश पाणी घेऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. मे महिन्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. बादलीतलं पाणी गेलं ते या भेगांत. मातीत ते मुरलंच नव्हतं. मृग-आर्द्राच्या सरींनी माती फुगली, भेगा मिटल्या, आणि मग वरून पडलेलं पाणी जागचं हलेना. आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींनी हे चार शब्दांत सांगितलं होतं : "गुरुजी, काळी उन्हाळ्यात हौदभर पाणी पेती. भादव्यात घोट बी घेत नाही."

१ आणि २ सप्टेंबरला, ऐन पोळ्याच्या तोंडावर, मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. कयाधूला पूर आला, उभी पिकं गेली. त्यापुढे आमच्या अंगणाचं रडगाणं काय गायचं! पण पाऊस थांबून पुष्कळ दिवस झाले तरी हिरवळीवर पाय ठेवला की कडेनं काळं पाणी उसळायचं. चुरीचा रबडा झालेला. पट्ट्यांचे जोड उकलले, खालून कुजका वास, दिवेलागणीला डास. हे एक वेळ सोसलं असतं. ओसरीच्या जोत्याला ओल चढली आणि विटांना लोणा लागला, तेव्हा मात्र झोप उडाली. जोत्याच्या एका अंगाची काळी माती ओली आणि दुसऱ्या अंगाची कोरडी राहिली की घर सारखं उचललं जात नाही. आपल्याकडच्या भिंतींवरच्या तिरप्या भेगा बऱ्याचदा इथूनच सुरू होतात.

दिवाळीनंतर काम मिस्त्रींच्या हाती गेलं. त्यांनी कुदळ उचलली नाही. लेव्हलच्या नळीत पाणी भरलं, एक टोक जोत्यापाशी धरलं, दुसरं गेटबाहेरच्या नालीवर. गेटजवळचं अंगण नालीच्या काठापेक्षा खाली निघालं. कुठून जाणार पाणी? सिमेंटचा नवा रस्ता जुन्याच्याच उरावर ओततात, रस्ता वर वर चढतो आणि घरं खड्ड्यात जातात. हे दुखणं गावोगावचं आहे, म्हणून घर बांधतानाच जोतं चांगलं उंच घ्या.

मग दीड फूट काळी माती काढून मुरूम भरला. एकदम नाही, अर्ध्या अर्ध्या फुटाचा थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस. दहा फुटांना दीड ते दोन इंच असा उतार, घरापासून बाहेर. कुंपणाच्या भिंतीपासून थोडं सुटून चर, त्यात चार इंची छिद्रांचा पाईप, छिद्रं खालच्या बाजूला, भोवती गिट्टी आणि सगळ्याला जिओटेक्स्टाइल कापडाचा वेढा. या कापडाचे पैसे वाचवू नका. ते नसलं की काळी माती एका पावसाळ्यात गिट्टी बुजवते. पाईपाचं तोंड नालीत, शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे.

स्लॅबचं पाणी वेगळं काढायचं. १,००० चौरस फूट स्लॅबवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी होतं. ते अंगणात सोडलं तर कुठलाच उतार पुरत नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारं आणि डास हटवले, म्हणून आपल्याकडेही शोषखड्ड्याची हौस आहे. जरूर घ्या. पण सांडपाण्याला पुरणारा खड्डा स्लॅबच्या पाण्याला पुरत नाही, आणि खालचा मुरूम लागेपर्यंत खणलं नाही तर ती नुसती डासांची टाकी. कळमनुरी-औंढ्याच्या माळावर मुरूम लवकर लागतो. नदीकाठच्या काळीत कितीही खणा, काळीच. तिथे पाणी उतारानं बाहेर नेणंच खरं. खड्डा जोत्याला लागून तर कधीच नको.

इतकं केल्यावर हिरवळ टाकायची का? माझं मत, नको. ही चीज १९६६ साली ह्यूस्टनच्या छताखालच्या मैदानात गाजली, कारण आत खरं गवत जगेना. आपल्याकडे उन्हाला छत नाही. मे महिन्याच्या दुपारी तिचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो; लेकरं अनवाणी उतरली की पाय पोळतात. आमच्याकडे आता निम्म्यात शहाबादी फरशी आहे आणि निम्म्यात हरळी. जिच्यापायी शेतकरी मेटाकुटीला येतो तीच हरळी क्रिकेटच्या मैदानांवर मानानं लावतात. तिला खत नको, ठेकेदारही नको.

तरीही घरच्यांचा हट्ट असेल तर टाका. पण गच्चीवर, सावलीत, उताराच्या फरशीवर. अंगणातच हवी असेल तर लेव्हल स्वतः उभं राहून काढून घ्या, उतार किती आणि पाणी कुठे जाणार हे कागदावर लिहून घ्या, इसार थोडा द्या. आणि शेवटचा हप्ता पोळा झाल्याशिवाय देऊ नका.