प्रायव्हेट, पण कोणापासून?

प्रश्न : मी जावा शिकतो आहे. ‘खाते’ या क्लासमध्ये ‘शिल्लक’ प्रायव्हेट ठेवली. तरी त्याच क्लासच्या तुलना करणाऱ्या मेथडमध्ये ‘दुसरे.शिल्लक’ लिहिले, तर कंपायलरने हूं की चूं केले नाही. मग प्रायव्हेटचा उपयोग काय?

उत्तर : तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे. जावा, सी प्लस प्लस आणि सी शार्पमध्ये प्रायव्हेटचे कुंपण क्लासभोवती असते, प्रत्येक ऑब्जेक्टभोवती नाही. कंपायलर पाहतो ते हे, की ती ओळ कोणत्या क्लासमध्ये लिहिली आहे. ‘दुसरे’ हेही खातेच. ओळ खात्याच्याच क्लासमधली. हरकत कशाला घेईल?

प्रायव्हेटचा हेतू बदल एका जागी रोखणे हा आहे. उद्या शिल्लक रुपयांऐवजी पैशांत साठवायची ठरली, तर ‘दुसरे.शिल्लक’ही त्याच फाइलमध्ये सापडते. बाहेरचा कोड हलत नाही. सी प्लस प्लसमधला कॉपी कन्स्ट्रक्टर याच सवलतीवर मूळ ऑब्जेक्टचे प्रायव्हेट भाग वाचतो.

सगळ्या भाषा असे मानत नाहीत. स्मॉलटॉकमध्ये इन्स्टन्स व्हेरिएबल त्या-त्या ऑब्जेक्टपुरतेच. रूबीत दुसऱ्या ऑब्जेक्टवर प्रायव्हेट मेथड बोलावली की एरर येते. तिथे त्यासाठी प्रोटेक्टेड वापरतात.

एक कळकळीची विनंती : केवळ तुलनेसाठी पब्लिक गेटर लिहू नका. त्याने शिल्लक साऱ्या प्रोग्रॅमला उघडी पडते. थेट ‘दुसरे.शिल्लक’ लिहा.