शंख-शिंपले ओळखताना



या लेखाखाली बाकावर एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला आहे. त्यात कापसावर शंख-शिंपले मांडले आहेत. डाव्या बाजूला खडपावरचे, उजव्या बाजूला पुळणीवरचे. लेख वाचता वाचता खोक्यात बघा, म्हणजे नीट समजेल. हात लावायला हरकत नाही, फक्त परत जागच्या जागी ठेवा.

हा माझा दुसरा खोका. पहिल्या खोक्याची हकिगत सांगायला लाज वाटते, पण सांगते. पाचवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी मी सुकतीच्या वेळी जाऊन तीस-चाळीस शंख आणले. चकचकीत आणि रंगीत तेवढे निवडले, खोक्यात भरले, वरून सुतळी बांधली आणि वर्गाच्या कपाटात ठेवले. मध्ये दोन दिवस सुट्टी आली. सोमवारी कपाट उघडलं तर वर्गात कोणाला बसवेना! निम्म्या शंखांत जीव होता. काहींमधून बारके खेकडे बाहेर येऊन खोक्याच्या कोपऱ्यात मरून पडले होते. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "उचलताना शंखाच्या तोंडात बघितलं होतंस का?" मी बघितलं नव्हतं. सगळे खेकडे आणि शंख मी मधल्या सुट्टीत माडाच्या मुळाशी पुरले. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

तेव्हापासून मी आधी तोंडात बघते आणि मग नाव विचारते. शंख किंवा शिंपला म्हणजे मृदुकाय प्राण्याचं घर. अंगाने मऊ असलेला हा प्राणी आपल्या अंगातूनच चुन्याचं कवच तयार करतो आणि तो वाढतो तसं कवच कडेकडेने वाढवत नेतो. तिसरीवर बोट फिरवा, वाढीच्या रेषा हाताला लागतील. शंखाचं कवच एकच असतं, बहुतेक वेळा पिळाचं. शिंपल्याची मात्र दोन झाकणं असतात आणि ती पाठीमागे बिजागरीने जोडलेली असतात. प्राणी मेला की बिजागरी सुटते, म्हणून पुळणीवर आपल्याला बहुतेक एकेकच झाकण सापडतं.

आता बघायला कधी जायचं? आजी तिथीवरून सांगते. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ येते. पंचमीला पंधरा भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती. अमावस्येला आणि पौर्णिमेला तिथी पंधरा धरायची. भरती सव्वाअकराला आणि सुकती संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास येते. त्या दिवसांत उधाण असतं. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं आणि एरवी न दिसणारं खडप उघडं पडतं. शाळा सुटल्यावर जायला ही वेळ बरी. पण मोठं माणूस बरोबर हवं आणि पाणी वळलं की मागे फिरायचं.

एखादा शंख हातात आला की आधी विचारायचं, कुठे सापडला? खडपावर राहणाऱ्याला लाटेचा मार खावा लागतो आणि सुकतीत उन्हात तापावं लागतं. म्हणून तिथली कवचं जाड, बुटकी आणि खडबडीत असतात. पुळणीत राहणाऱ्याला वाळूत शिरायचं असतं, म्हणून तिथली बरीचशी कवचं गुळगुळीत. अपवाद आहेत, पण एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

खडपावर अगदी वरच्या बाजूला, जिथे नुसते तुषार येतात, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढे बारके शंख फटीफटीत बसलेले असतात. त्याखाली टोपीसारखा चपटा शंख असतो. त्याला पीळ नाही, खालून सगळा उघडा. तो दगडाला असा चिकटतो की बोटाने हलत नाही, कारण आत थोडं पाणी धरून त्याला पुढच्या भरतीपर्यंत जगायचं असतं. यातल्या काही जाती भरतीत शेवाळ चरायला जातात आणि परत आपल्याच जागेवर येऊन बसतात. तिथे दगडावर त्यांच्या कडेच्या मापाची खूण पडलेली असते. तो सुरीने काढला तर त्याला परत नीट चिकटता येईलच असं नाही, म्हणून खोक्यात ठेवलेला रिकामाच सापडलेला आहे.

गोल, जाड, काळपट आणि तोंड अर्ध्या चंद्रासारखं असेल तर तो नेरिटा. (मराठी नाव पुस्तकात मिळालं नाही, म्हणून शास्त्रातलं दिलं.) भोवऱ्यासारखा उंच, लाल-गुलाबी पट्ट्यांचा असेल तर तो ट्रोकस. त्याचं तुटलेलं टोक बघा, आत मोत्यासारखं चमकतं. त्याच्यासारखाच पण फुगीर आणि तपकिरी तो टर्बो. टर्बोच्या दाराला दगडासारखं टणक, गोल झाकण असतं. प्राणी आत गेला की ते घट्ट बसतं. ही झाकणं वेगळी सुटूनही सापडतात, आम्ही लहानपणी ती भातुकलीत घेत असू.

कवडी दगडाखाली लपते. ती इतकी चकचकीत कशी? प्राण्याच्या अंगाची मऊ घडी बाहेरून कवचावर पसरते, त्यामुळे त्याला ओरखडे पडत नाहीत. पूर्वी कवड्या पैशासारख्या चालत. कवडीमोल हा शब्द तिथूनच आला. दगड उलटा केलात तर बघून झाल्यावर परत सुलटा ठेवा. खालच्या अंगाला अंडी असतात, ती उन्हात वाळतात.

कालवं सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं एक झाकण दगडाला कायमचं जोडलेलं असतं आणि कडा ब्लेडसारखी असते. माझ्या तळपायावर खूण आहे. त्यांच्या शेजारी छोट्या ज्वालामुखीसारखे पांढरे सुळके असतात, होडीच्या बुडालाही तेच लागतात. ते बारनॅकल. मी त्यांना शिंपल्यांत मोजत होते, पण ते निघाले खेकडा-कोळंबीचे भाऊबंद!

पुळणीवर सगळ्यात सोपं म्हणजे बटण. शर्टाच्या बटणाएवढा, चपटा, चकाकणारा शंख, प्रत्येकाचा रंग वेगळा. लाट येते तिथेच पाचरीसारखे बारके शिंपले असतात. लाटेने उघडे पडले की क्षणात वाळूत गडप होतात. तिसरी त्रिकोणी, गुळगुळीत आणि जड. कौलासारख्या खोल पन्हळी असतील आणि बिजागरी सरळ, करवतीच्या दातांची असेल तर तो आर्का. बोटासारखा लांब, दोन्ही टोकांना उघडा असेल तर तो सोलेन. स्क्रूसारखा निमुळता तो टरिटेला. पांढरं, हलकं, होडीसारखं काही सापडलं तर ते माकुलाच्या पाठीतलं कवच, म्हणजे समुद्रफेन. तेही मृदुकायाचंच, फक्त अंगाच्या आत असतं.

आता भोक पडलेले शिंपले बघा. आमच्यातल्या बऱ्याच मुलींनी त्यांच्या माळा केल्यात. भोक एवढं गोल की कोणी गिरमिटाने पाडलंय असं वाटतं. ते काम नॅटिका नावाच्या शंखाचं. हा गोटीसारखा गोल आणि गुळगुळीत शंख वाळूखालून चालतो, शिंपल्याला पकडतो, कवच आम्लाने मऊ करतो आणि खरखरीत जिभेने तासन् तास खरवडत भोक पाडतो. मग आतला प्राणी खातो. भोक बाहेरून रुंद आणि आत निमुळतं असेल तर ते त्याचंच समजा. हे समजल्यापासून मी माझी माळ जास्तच जपून ठेवली आहे.

एक शंख मात्र खोक्यात चिकटपट्टीने बंद ठेवला आहे. आइसक्रीमच्या कोनासारखा, वर चपटा, तोंड म्हणजे लांब अरुंद फट. हा कोनस. आमचा आहे तो रिकामा आहे. पण जिवंत कोनसला विषारी बाण असतो. त्याने तो मासे किंवा किडे मारतो. काही जातींचं विष माणसाचाही जीव घेतं. या आकाराचा शंख पाण्यात दिसला तर कितीही सुंदर असो, हात लावू नका. खिशात तर अजिबात घालू नका. लहान भावंडांना हे घरी जाऊन आजच सांगा.

आजी गेली कित्येक वर्षं खाडीत तिसऱ्या काढते. ती आधी मुठीत धरून माप बघते. मी एकदा बारक्या टोपलीत टाकल्या तर म्हणाली, "बारके परत टाक गो. पुढल्या वरसाक काय खातलंस?" खायला काढणं वेगळं आणि कपाटात कुजवणं वेगळं, हे मला तिच्या टोपलीजवळ बसून समजलं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे गेलात तर नुसतं बघायचं.

रिकामे शंखही मी आता प्रत्येकी एकच घेते. ज्या खेकड्यांचं पोट मऊ असतं ते रिकाम्या शंखात राहतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात. मागच्या अमावस्येला मी पाच रिकामे टर्बो खडपातल्या डबक्याकाठी ओळीत ठेवून लांब बसले. अंधार पडेपर्यंत दोन चालायला लागले होते.

बाकाच्या कडेला लिंबाची फोड आणि फुटक्या तिसऱ्या ठेवल्या आहेत. एका तुकड्यावर रस पिळा, बुडबुडे येतात. तो चुना विरघळतो. बारनॅकलवर पिळून बघा, तिथेही येतात. खोक्यातल्या शंखांवर मात्र पिळू नका, चकाकी जाते.

– इयत्ता सातवीतील विद्यार्थिनी