प्रश्नावली छापायला देण्याआधी

पोरी, गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरून आणशील आणि संगणकापुढे सरासरी काढायला बसशील. त्याआधी एवढं ध्यानात ठेव: आकडा दिसला म्हणून लगेच बेरीज करायची नाही. तो आकडा काय सांगतोय ते आधी बघायचं.

पुण्याचा पिनकोड ४११००१, मुंबईचा ४००००१. त्यांची सरासरी निघेल, पण तिला अर्थ नाही, कारण ती आकड्यांत लिहिलेली नुसती नावं आहेत. ही नामश्रेणी. विवाहित १, अविवाहित २ हे तुझे संकेतांकही त्यातलेच. तिथे फक्त कोणत्या गटात किती जण ते मोज.

'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' ही लिकर्टची १९३२ सालची पद्धत तू वापरणारच. तिच्यात क्रम आहे, पण दोन उत्तरांमधलं अंतर सगळीकडे सारखंच असेल असं नाही. खनिजांच्या काठिण्याची मोहस श्रेणी बघ. कुरुविंद ९, हिरा १०. फरक एकाचा, पण प्रत्यक्ष मोजलं तर हिरा कुरुविंदाच्या कितीतरी पट कठीण. म्हणून अशा क्रमश्रेणीत मध्यक काढ. अनेक विधानांचे गुण एकत्र करून सरासरी काढणारे पुष्कळ आहेत, तो वाद जुना आहे. एकट्या विधानाची मात्र मी काढू देणार नाही.

खरी गफलत पुढच्या दोन श्रेणींत होते. सकाळी २० अंश सेल्सिअस, दुपारी ४०. तापमान दुप्पट झालं का? फॅरनहाइटमध्ये तेच ६८ आणि १०४. दुप्पट उरलीच नाही. सेल्सिअसचं शून्य पाणी गोठतं तिथे माणसाने ठरवलं, म्हणून ती अंतरालश्रेणी; फरक सांग, पट सांगू नकोस. आता जमीन घे. दोन एकर आणि एक एकर, गुंठ्यांत ८० आणि ४०. एकक बदललं तरी दुप्पट ती दुप्पटच, कारण शून्य गुंठे म्हणजे जमीनच नाही. ही गुणोत्तरश्रेणी.

या चार श्रेणी स्टीव्हन्सने १९४६ साली मांडल्या, व्याख्या पुस्तकात मिळतील. तू बांधावर उभी असताना काय लिहून घेतेस ते महत्त्वाचं. वय '३० ते ४०' अशा चौकटीत घेऊ नकोस, पूर्ण वर्षं लिही. गट मागाहून पाडता येतात, गटातून नेमकं वय परत मिळत नाही. उत्पन्न सांगायला माणसं कचरतात, तिथे गट चालतील. आणि वय न सांगणाऱ्यांसाठी ९९ टाकणार असशील तर संगणकाला तसं आधी सांगून ठेव, नाहीतर ती माणसं ९९ वर्षांची म्हणून सरासरीत जाऊन बसतील.