सर्व्हर सांभाळणारे हातही हवेत

दहावी-बारावीचे निकाल लागले की मलकापूर, कराड, इस्लामपूर भागातल्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो : "मुलाला कॉम्प्युटरला घालायचंय, पण कोडिंग जमेल का?" कॉम्प्युटर म्हणजे फक्त कोडिंग, ही समजूत आधी दूर करू या. प्रोग्राम लिहिणारे लागतात, तसे ते प्रोग्राम ज्या सर्व्हरवर अहोरात्र चालतात ते सांभाळणारेही लागतात. या कामाचा आजचा पाया आहे सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन.

हे नेमके काय?

एखाद्या मोठ्या रुग्णालयात केसपेपर, प्रयोगशाळा, औषधे, बिले अशी अनेक कामे संगणकावर चालतात. पूर्वी प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर घेत. त्यातले बरेचसे दिवसभर जवळजवळ रिकामेच असत. वीज, एसी आणि देखभालीचा खर्च मात्र सगळ्यांचा. हायपरवायझर नावाचे सॉफ्टवेअर एकाच ताकदवान सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देते आणि त्यावर अनेक स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन उभी राहतात. चोवीस तास मीटरने पाणी घेणाऱ्या मलकापूरकरांना हे लगेच कळेल : टाकी सामाईक, नळ ज्याचा त्याचा, वापर मोजलेला.

यात एक धोकाही आहे. मूळ सर्व्हर बंद पडला, तर त्यावरची सगळी कामे एकदम थांबतात. म्हणून जोडीला दुसरा सर्व्हर ठेवणे, एका सर्व्हरवरचे मशीन चालू स्थितीत दुसऱ्यावर हलवणे, वेळच्या वेळी बॅकअप घेणे, ही कामे जाणत्या माणसाकडेच द्यावी लागतात. रुग्णालय, सहकारी बँक, साखर कारखाना, कुठेही काम थांबून चालत नाही.

तंत्र जुने, मागणी आजची

आयबीएमने 1972 साली मोठ्या मेनफ्रेम संगणकांसाठी व्हर्च्युअल मशीन चालवणारी व्हीएम/370 ही प्रणाली आणली. 1998 मध्ये व्हीएमवेअर कंपनी स्थापन झाली आणि पुढे हे तंत्र साध्या सर्व्हरवर आले. 2007 मध्ये केव्हीएम हे हायपरवायझर लिनक्सचाच भाग झाले. इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणारी आजची क्लाऊड सेवाही याच पायावर उभी आहे. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत आपली क्लाऊड केंद्रे सुरू केली.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि कायमस्वरूपी परवाने बंद करून वर्गणीची पद्धत आणली. खर्च वाढल्याने अनेक संस्था प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही, न्युटॅनिक्स अशा पर्यायांकडे वळू लागल्या. विद्यार्थ्यांनी यातून एक धडा घ्यावा : एकाच कंपनीच्या पडद्यावरची बटणे पाठ करू नका, मूळ तत्त्व शिका. तत्त्व पक्के असेल, तर कंपनी बदलली तरी तुमचे काम अडत नाही.

वाटा कोणत्या?

दहावीनंतर आयटीआयचा 'कोपा' (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा ट्रेड किंवा कॉम्प्युटरचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगची वाट खुली असते. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचे वालचंद आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. बारावीनंतर बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करूनही या क्षेत्रात येता येते. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटी हा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

घरी काय करता येईल?

शिकण्याचा क्रम असा ठेवा : आधी नेटवर्किंग, मग लिनक्स आणि विंडोज सर्व्हर, त्यानंतर व्हर्च्युअलायझेशन आणि शेवटी क्लाऊड. 16 जीबी रॅमचा संगणक असेल तर उत्तम. 8 जीबीवरही सुरुवात होते. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा, व्हर्च्युअलबॉक्स मोफत उतरवून घ्या आणि त्यावर लिनक्सची दोन मशीन उभी करून एकमेकांना जोडा. मग त्यातले एक मुद्दाम बिघडवा आणि बॅकअपवरून परत उभे करा. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणीची जतन केलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. केलेले प्रत्येक काम वहीत लिहा. मुलाखतीत हीच वही कामी येते.

पालकांसाठी

सुरुवात बहुधा सपोर्टच्या नोकरीने होते आणि पहिला पगार डोळे दिपवणारा नसतो. सर्व्हरची दुरुस्ती रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी करावी लागते, तेव्हा घरच्यांची साथ हवी. 'शंभर टक्के नोकरी'ची जाहिरात पाहून फी भरू नका. क्लासमध्ये जाऊन लॅब पाहा, मुलांना स्वतःच्या हाताने सर्व्हर उभारू देतात का ते विचारा, जुन्या विद्यार्थ्यांशी बोला.

ज्याला बिघाड शोधायला आवडतो, जो शांत डोक्याने काम करतो आणि केलेल्या कामाची नोंद ठेवतो, त्या मुलाला किंवा मुलीला हे क्षेत्र नक्की मानवेल. तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलांना घरच्या संगणकावर महिनाभर हा सराव करू द्या. त्यातली गोडी पाहा आणि मगच निर्णय घ्या.