न भिजणारी पत्ती

कृत्रिम पत्ती घ्यावी का, असं बँडमधली आणि ऑर्केस्ट्रातली नवी मुलं मला सारखं विचारतात. माझं उत्तर एकच: जरूर घ्यावी. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन, दोन्हींवर मी तीच लावतो आणि पावसाळ्यात तर तिच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पण दुकानात जे कुणी सांगत नाही आणि मला दुखऱ्या जबड्यानं जे शिकवलं, तेवढं आधी ऐकून घ्या. सनईची पत्ती दुहेरी, तिचा विषय वेगळा. इथं बोलतोय ते एकेरी पत्तीबद्दल.

केनची पत्ती ज्यापासून होते ते अरुंडो डोनॅक्स नावाचं, बोरूसारखं उंच गवत. वाद्यांसाठी नावाजलेलं केन दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागातलं, भूमध्य समुद्राकाठचं. दोन वर्षं वाढलेली कांडी हिवाळ्यात तोडायची, उन्हात वाळवायची, मग मुरू द्यायची, असा तिचा प्रवास. तिकडच्या हवेत पोसलेली ही पत्ती गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे डब्यातून काढावी तर टोकाला झालर पडलेली असते. माउथपीसवर ती सपाट बसत नाही, कडेनं हवा निसटते आणि ऐन मिरवणुकीत सूर चिरकतो. उलट मे महिन्यात अकोल्याच्या लग्नात दोन गाण्यांमधलं निवेदन लांबलं, की तीच पत्ती कोरडी ठणठणीत. क्लॅरिनेट स्टँडवर ठेवून सॅक्स उचलणाऱ्याचे हाल तर विचारूच नका. परत क्लॅरिनेट हातात घेईपर्यंत पत्ती वाळलेली असते आणि ती ओली करायला गाणं थांबत नाही.

ही अडचण कृत्रिम पत्तीनं खरोखर सोडवली. कॅनडातल्या लेजेर कंपनीनं १९९० च्या दशकाअखेरीस पॉलिप्रॉपिलीनची पत्ती बाजारात आणली. हे प्लॅस्टिक एका दिशेनं ताणलं की त्याच्या रेणूसाखळ्या लांबीच्या बाजूनं रांगेत येतात. मग ते केनच्या तंतूंसारखं लांबीत ताठ आणि रुंदीत लवचीक राहतं. तिचा ताठपणा ओल्या केनशी जुळवलेला असतो, त्यामुळे तोंडात धरून भिजवायची गरज नाही. डब्यातून काढली, लावली, वाजली.

मी लावली ती अशाच एका पावसाळ्यात. पुढचा लग्नाचा हंगाम सरत आला तेव्हा रात्री जेवताना कानाखाली जबडा दुखू लागला. खालच्या ओठाला आतून दातांचा वळ पडायचा. दंतवैद्यांनी दात तपासले, ते ठीक होते. पत्तीवर संशय यायला जागाच नव्हती, कारण ती अगदी कोरी दिसत होती. शेवटी आमच्या बँडमास्तरांनी कान दिला आणि म्हणाले, ‘‘अरे, तू पत्ती नाही, जबडा वाजवतोयस.’’ त्यांनी त्याच कंपनीची, त्याच नंबरची नवी पत्ती माझ्या माउथपीसवर बसवली. फुंकली तर फळीच! निम्मी हवा नुसती फुसफुसत बाहेर पडली. जुनी पत्ती इतकी नरम पडली होती. वरच्या सप्तकातले सूर उतरत होते आणि ते वर धरायला मी दात आवळत होतो.

केन संपत आलं की तसं दाखवतं. टोक काळवंडतं, मऊ पडतं, कडेला तडकतं. पॉलिप्रॉपिलीन रोज लक्षातही येणार नाही इतकं थोडंथोडं सैल होतं आणि ओठ त्याची सवय करून घेतात. म्हणून नवी पत्ती आणली की तिच्या जाड बुडावर मार्करनं तारीख घालावी. त्याच नंबरची दुसरी पत्ती न वाजवता बाजूला ठेवावी आणि अधूनमधून दोन्ही लावून ट्यूनर समोर ठेवून वरचा एकच सूर ओठ न आवळता धरावा. जुनीवर सूर उतरला की तिला कार्यक्रमातून काढावं. पारदर्शक पत्ती असेल तर टोक उजेडासमोर धरून बघा. केसासारखी पांढरी रेघ दिसली तर तिथं ती फाटणार. रोज एकीवरच भार टाकू नका. दोन-तीन आलटून पालटून वाजवल्या, तर विश्रांतीत त्यांचा ताठपणा बराचसा परत येतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. या पत्तीला पाण्याचं काही वाटत नाही, पण उन्हाचं वाटतं. तापमान वाढलं की पॉलिप्रॉपिलीन मऊ होतं. विदर्भातल्या दुपारच्या वरातीत माझी नेहमीची पत्ती इतकी ढिली पडते की जोरानं फुंकलं तर माउथपीसला चिकटून आवाजच बंद होतो. त्या हंगामासाठी मी पाव नंबर जड पत्ती वेगळी ठेवतो. थंडीतल्या पहाटे नेमकं उलटं, सुरुवातीला ती हट्टी वाटते. चार मिनिटं वाजवून तोंडाची ऊब लागू द्या, मग सूर मिळवा. आणि वाद्याची पेटी गाडीत उन्हात सोडून जेवायला जाऊ नका.

पहिल्यांदा घेताना नंबराची घाई नको. केनवर तीन नंबर वाजवणाऱ्याला कृत्रिममध्ये बहुधा पाव ते अर्धा नंबर कमी लागतो आणि प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी असते. केन जड निघालं तर घासून हलकं करता येतं. इथं घासायला गेलात की पत्ती बिघडलीच. किंमत हजारांत असल्यानं एकच घ्या, घरी रियाजात पारखा, मगच तिला मंचावर न्या.

धुता येते म्हणून एकच पत्ती क्लासमधल्या चार मुलांना आळीपाळीनं देतात, ते मला मुळीच पटत नाही. पत्तीत बुरशी रुजत नसेल, पण ओलसर माउथपीसमध्ये ती वाढतेच. इंग्लंडमधल्या एका बॅगपाइप वादकाच्या फुप्फुसाच्या जीवघेण्या आजाराचा संबंध त्याच्या वाद्यातल्या बुरशीशी असावा, असं डॉक्टरांनी २०१६ मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. वाजवून झालं की पत्ती काढून कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा, माउथपीसही धुवा, दोन्ही पुसून कोरडं करून मगच पेटी बंद करा. उकळतं पाणी मात्र पत्तीवर ओतू नका.

स्टुडिओत संथ धून वाजवायची असली की मी अजून केनच लावतो. हलक्या फुंकीत, मंद्रातल्या सुरात जो दाणेदारपणा त्यातून येतो, तो मला प्लॅस्टिकमध्ये अजून सापडलेला नाही. तिथं वातानुकूलन असतं, पत्ती भिजवायला वेळ असतो आणि एखादी टेक वाया गेली तरी चालते. वरातीला आणि विसर्जनाला ती सवड नसते. तिथं पेटीत दोन पारखलेल्या कृत्रिम पत्त्या आणि त्यांच्या शेजारी एक वाजवून बसवलेलं केन, एवढं घेऊन निघायचं.